चादर धरणारी निर्मलाबाई

चादर अर्धी घासून झाली होती. अर्धी दगडावर, अर्धी बादलीत, आणि निर्मलाबाईचे हात कोपरापर्यंत फेसात. चादर तशी साधीच. हिंगोलीच्या बाजारातून आणलेली, मोर छापलेली. धुऊन धुऊन मोरांचा निळा रंग असा उडाला होता की आता ते पारवे वाटायला लागले होते. पण दर रविवारी ती धुवायची म्हणजे धुवायचीच. दर सोमवारी ती कुंडावर लागायची, आणि देवाच्या दारात मळकं कापड न्यायचं नाही, हा निर्मलाबाईचा नेम.

"आत्याबाई, हे बघा." सून आरोही मोबाइल घेऊन मोरीपाशी आली.

"हात ओले हायेत माय. तूच सांग काय हाय ते."

"तुमचा फोटो आलाय."

निर्मलाबाईनं मान पुढं केली. फोटोत ताणून धरलेली चादर होती. चादरीच्या वरच्या काठावर दोन्हीकडं चार-चार बोटं आणि डाव्या मनगटात हिरव्या बांगड्या. बाकी बाई चादरीआड.

"माझा कुठं? ही तर चादर हाय."

"खाली काय लिवलंय ऐका." आरोही बी.ए. झालेली, तिनं शाळेतल्यासारखं खणखणीत वाचलं. "महिला भाविकांसाठी वस्त्रांतर व्यवस्था. उपलब्ध. स्थिती चांगली."

"वस्त्रांतर म्हंजे?"

"कपडे बदलायची सोय. यात्रा कराचा गावाला काय फायदा झाला, त्याचा अहवाल हाय हा. गावच्या ग्रुपवर आलाय. पंचायतीनं करातून ज्या सोयी केल्या त्याची यादी हाय, अन् त्यात पाचव्या नंबरला तुमची चादर हाय."

निर्मलाबाईच्या हातातला साबण सुटून मोरीत गेला. तो तिनं उचलला नाही.

"माझी चादर पंचायतीची कधी झाली?"

"पुढं बी हाय. ही सोय असल्यामुळं बायांच्या खोलीची गरज उरली न्हाई. तो पैसा कमानीजवळच्या सेल्फी पॉइंटला लावायचा. अन् कर दहाचा वीस करायचा. आज दुपारच्या खास ग्रामसभेत मंजूर करून राहिलेत."

सोनकुंड हे गाव आखाडा बाळापूरच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत. गावाच्या मधोमध काळ्या दगडाचं कुंड आणि कुंडाच्या वर, एकोणीस पायऱ्या चढून, महादेव. लेकरासाठी नवस बोललेल्या बाया इथं अकरा सोमवार येतात, कुंडात बुडी मारतात, आणि कोरडं नेसून पायऱ्या चढतात. बुडी मारायला जागा आहे. कोरडं नेसायला नाही. चहूबाजूंनी उघडं, आणि समोर चहाची टपरी.

चौदा वर्षांपूर्वी एका सोमवारी निर्मलाबाई पाण्याला चालली होती. कुंडाच्या कोपऱ्यात एक नवी नवरी, अंगाला चिकटलेल्या ओल्या लुगड्यात, भिंतीकडं तोंड करून उभी होती. थंडीनं नव्हे, लाजेनं कापत होती. टपरीवरची माणसं चहा सांडेपर्यंत तिकडं बघत होती. निर्मलाबाईनं घागर खाली ठेवली, शेजारच्या दोरीवरची चादर ओढली आणि त्या पोरीभोवती धरली. "नेस माय, सावकाश नेस," म्हणाली. पोरगी नेसली, पाया पडली, निघून गेली. निर्मलाबाईला वाटलं, आज महादेवानं आपल्याकडून काहीतरी करून घेतलं. पुढच्या सोमवारी ती स्वतःची चादर घेऊन गेली. त्याच्या पुढच्याही. चौदा वर्षांत घरात लग्न झालं, सासू गेली, दोनदा ताप आला. सोमवार चुकला नाही. कुणी दहाची नोट पुढं केली की ती म्हणायची, "वर पेटीत टाक. माझं देवासंगं बोलणं झालेलं हाय."

पण खांद्याला देवाशी झालेलं बोलणं ठाऊक नव्हतं. वर्षभर उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर गेला की कळ थेट दातात यायची. नवरा ग्यानबा रोज सांजेला तेल चोळून द्यायचा आणि चोळता चोळता म्हणायचा, "महादेवाला सांग, चादर धरायला नंदी पाठव." ती हसायची. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. हट्ट्याहून आलेली एक पोर लुगडं बदलत होती, अर्ध्यातच निर्मलाबाईचा हात लुळा पडला आणि चादर सुटली. पोरीनं किंकाळी फोडली. टपरीवरून हसू आलं, आणि एकाचा हात वर होता, हातात फोन होता. निर्मलाबाईनं स्वतःच्या पदरात पोरीला गुंडाळली. त्या फोनवाल्याला तिनं ज्या शिव्या दिल्या, त्या तिच्या तोंडून गावानं पहिल्यांदा ऐकल्या. घरी येऊन दोन दिवस ती जेवली नाही.

तेव्हापासून तिचा सगळा जीव एका खोलीवर होता. चार भिंती, एक दार, आतून कडी. बस.

ती खोली काही तिनं स्वप्नात बघितलेली नव्हती. तीन वर्षांपूर्वी सरपंच विजयकुमारनं येणाऱ्या भाविकावर माणशी दहा रुपये यात्रा कर लावला, तेव्हा भर सभेत शब्द दिला होता: "पहिलं काम बायांच्या खोलीचं." पहिल्या वर्षी गावाच्या तोंडाशी कमान झाली. कमानीवर देवाचं नाव बारीक आणि विजयकुमारचं ठळक. दुसऱ्या वर्षी कमानीला लाइटिंग झालं. तिसऱ्या वर्षी शहरातल्या एका कंपनीला काम दिलं, की कराचा गावाला किती फायदा झाला ते मोजून द्या.

महिन्यापूर्वी मोजायला आली होती आकांक्षा नावाची मुलगी. गोड बोलायची, उन्हानं लाल झाली होती, हातात कागदांची चळत. निर्मलाबाईनं तिला पाणी दिलं होतं, गुळाचा खडा दिला होता. आता मोरीपाशी उकिडवं बसून ती सगळी दुपार तिला पुन्हा दिसायला लागली. प्रश्न विचारले, उत्तरं दिली, सही केली. मग चुकलं कुठं?

आणि एकदम तिच्या ध्यानात आलं. आरोहीकडं बघून तिनं विचारलं, "ते प्रश्न विचारायला कुठं बसवलं होतं गं आमाला?"

"पायरीवरच की. सतरंजी टाकली होती ना देवाच्या दारात."

"सतरंजी कुणी टाकली?"

"सरपंचानं. स्वतः झटकून टाकली."

आरोहीनं मोबाइल खाली ठेवला. ती या गावात चार वर्षं नांदत होती, तिला कळलं.

सोनकुंडला महादेवाच्या पायरीवर 'नाही' म्हणत नाहीत. हे कुठं लिहिलेलं नाही, पण पाळण्यातल्या लेकरालाही माहीत आहे. देवाच्या दारात माणूस मागायला येतो. तिथं कुणाच्या तोंडून नकार निघाला तर तो देवाच्या कानी पडतो आणि कुणाचा तरी नवस फिरतो, असं जुन्या बाया सांगतात. तेल संपलं तर म्हणायचं 'तेल पुरलं'. प्रसाद संपला तर 'प्रसाद पावला'. वर असताना घरून कुणी विचारलं, जेवलीस का, तर उपाशी बाईसुद्धा 'व्हय' म्हणते आणि खाली उतरून खरं सांगते.

त्याच पायरीवर त्या मुलीनं विचारलं होतं, पाण्याची सोय आहे का? हाय. दिवाबत्ती? हाय. नारळवाल्या सटवाजीला विचारलं, करामुळं तुमचं उत्पन्न वाढलं का? कर वसूल करायला कमानीत बांबू आडवा पडल्यापासून गाड्या तिथंच थांबायच्या, माणसं तिथंच नारळ घ्यायची, आणि सटवाजी दिवसभर माशा वारायचा. पण पायरीवर बसलेला सटवाजी काय म्हणणार? "हाय, वाढलंय." आणि निर्मलाबाईला विचारलं, महिलांना कपडे बदलायची सोय आहे का? तिनं म्हटलं होतं, "हाय की. मी हाय ना."

तिनं स्वतः म्हटलं होतं. स्वतःचाच राग तिला आधी आला. मग सतरंजी झटकणारे दोन हात डोळ्यांपुढं आले, आणि तो राग वळून बरोब्बर जागेवर गेला. परका माणूस फसवतो त्याचं एवढं वाटत नाही. विजयकुमार याच गावात रांगला होता. त्याच्या आईनं त्याच्यासाठी याच कुंडात अकरा बुड्या मारल्या होत्या. गावाची श्रद्धा त्यानं सतरंजीसारखी अंथरली होती आणि गावाला तिच्यावर बसवलं होतं.

ग्यानबा ओट्यावरून सगळं ऐकत होता. हळदीच्या रानात पाणी सोडायला निघालेला माणूस. त्यानं उगीच घसा साफ केला. "जाऊ दे ना. खोली हाय का न्हाई, चादर तर तू धरतीच."

"कोणत्या हातानं?" निर्मलाबाई म्हणाली.

ग्यानबानं तिच्या खांद्याकडं बघितलं आणि हातातला विळा परत खुंटीला अडकवला.

तिनं चादर धुऊन पुरी केली नाही. तशीच पिळली, बादलीत टाकली आणि बादली घेऊन निघाली. आरोही मागून, "आत्याबाई, मी घेते बादली," म्हणत राहिली. दिली नाही.

सभा कुठं होती ते सांगायला नको. पायरीवरच. तीच सतरंजी, वर पांढरी चादर घातलेलं टेबल, टेबलामागं विजयकुमार, एका बाजूला ग्रामसेवक धम्मानंद रजिस्टर उघडून, दुसऱ्या बाजूला आकांक्षा. पायऱ्यांवर दीडशे माणसं. विजयकुमारनं अहवाल वाचला. कराचा फायदा झाला म्हणणारे शंभरात सत्त्याण्णव.

"सत्त्याण्णव!" विजयकुमार म्हणाला. "मोठमोठ्या देवस्थानांना एवढे मार्क न्हाईत... म्हंजे, एवढे मार्क कमीच भेटतात." जीभ त्याचीही घसरली होती, त्यानं दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. दोघं-तिघं हसले. निर्मलाबाई हसली नाही. तिनं बघितलं की त्याला नियम चांगला आठवत होता.

मग कर वीस करायचं वाचलं. सेल्फी पॉइंटचं वाचलं. आणि शेवटी त्यानं सभेकडं बघून, आवाजात मध घालून विचारलं, "मग मंजूर समजू? सगळ्यांना मंजूर हाय?"

पायऱ्या गप्प. सटवाजीनं खाली बघितलं. बायांनी पदर ओढले. विजयकुमारनं धम्मानंदकडं बोट केलं, "लिवा. सर्वानुमते."

निर्मलाबाई उठली.

"बोला काकू," विजयकुमार म्हणाला. "तुमचा तर फोटो आलाय अहवालात. गावाचं नाव केलंत."

देवाकडं तोंड करून तिनं हात जोडले, बादली उचलली आणि पायऱ्या उतरायला लागली. गुडघे दुखरे, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. एकोणीस पायऱ्या. सगळी सभा बघत होती. कुणीतरी म्हणालं, "रुसली वाटतं." शेवटची पायरी उतरून, रस्ता ओलांडून, ती सटवाजीच्या बंद दुकानापुढं गेली. बादली खाली ठेवली. वळली.

"न्हाई!"

आवाज असा आला की कुंडावरची कबुतरं उठली.

"मंजूर न्हाई. कपडे बदलायची सोय न्हाई. चादर पंचायतीची न्हाई. ही माझी हाय, माझ्या पैशाची, माझ्या हाताची, अन् आता माझा हात बी ऱ्हायला न्हाई!"

विजयकुमार उभा राहिला. "काकू, देवाच्या दारात नकार काढलात तुमी!"

"दारात न्हाई काढला. दार वर हाय, मी रस्त्यावर हाय. मी देवाचा नेम पाळूनच बोलून राहिले. तू काय पाळलंस ते सांग. सतरंजी पायरीवरच काहून टाकली? पंचायतीचं ऑफिस कुठं गेलं? तिथं पंखा हाय, खुर्च्या हायेत. तिथं काहून न्हाई विचारलं आमाला?"

आकांक्षाला काही समजेना. "पण मावशी, तुम्हीच 'आहे' म्हणालात. माझ्याकडे तुमची सही आहे."

"म्हणले बाई. तुझा दोष न्हाई. तू खाली ये, अन् तेच पुन्हा विचार."

मुलगी गोंधळली. विजयकुमार म्हणाला, "मॅडम, बसा. बाईमाणूस तापलीय." ते ऐकलं आणि आकांक्षा उठलीच. कागद घेऊन एकोणीस पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. निर्मलाबाईसमोर उभी राहून तिनं विचारलं, "महिलांना कपडे बदलण्याची सोय आहे का?"

"न्हाई."

वर सटवाजी चुळबुळला. पिशवी उचलली, टोपी नीट केली, आणि आपल्या दुकानाला कुलूप नीट लागलं का ते बघायला निघाल्यासारखा खाली आला. खाली आल्यावर म्हणाला, "मॅडम, मला बी विचारा. उत्पन्नाचं."

"उत्पन्न वाढलं का?"

"कपाळ वाढलं! दिवसाला चाळीस नारळ फुटायचे, आता दहा फुटत न्हाईत. फुटतात ते मीच घरी नेऊन आमटीत घालतो."

हशा झाला, आणि हशासोबत माणसं उठायला लागली. पण बाया अजून बसून होत्या. बायांमध्ये सगळ्यात पुढं पार्वतीबाई होती, विजयकुमारची आई. सत्तरी गाठलेली, काठी टेकत चालणारी. ती उठली.

"आई, तू कुठं?" विजयकुमार म्हणाला.

"खाली. मला बी एक सांगायचंय, अन् ते खालीच सांगता येतं."

दोघींनी तिला हात देऊन खाली आणली. रस्त्यावर आल्यावर तिनं वर लेकाकडं बघितलं. "अकरा सोमवार मी ओल्या लुगड्यात घरी गेलते. तवा चादर धरणारी न्हवती. तुझ्यासाठी गेलते, इजू. तू त्या बायांकडनं दहा रुपये घेतोस अन् त्यांना उघड्यावर उभं करतोस. अन् आता वीस घेणार?"

त्यानंतर सभा वर राहिलीच नाही. पायऱ्यांवर एकटा विजयकुमार, टेबल आणि सतरंजी. खाली रस्त्यावर आकांक्षा एकेकाला विचारत होती आणि ज्याच्या त्याच्या तोंडातून, महिनाभर अडवून धरल्यासारखं, 'न्हाई' बाहेर पडत होतं. तिनं आधीच्या खुणा खोडल्या. खोडता खोडता एकदा म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही हो."

"तुला कोण सांगणार लेकरा," निर्मलाबाई म्हणाली, "आमालाच कुणी विचारलं न्हाई."

शेवटी विजयकुमारही उतरला. उतरला आणि गोड आवाजातच दम दिला. "ठीक हाय. कर बंद करून टाकू. मग कशाचीच सोय नको. गावाचं नुकसान झालं तर मला म्हणू नका."

इथं खरं तर चार माणसं घाबरली. दहा रुपये का होईना, येतात ते बंद होतील. निर्मलाबाई घाबरली नाही. आता तिचा आवाजही खाली आला होता, आणि तो जास्त लागत होता.

"कराला मी न्हाई म्हणले न्हाई. घे की कर. येणारी बाई खुशीनं देती. पण फायदा मोजायचा तर तिच्यापासून मोज. तिनं दहा रुपये दिले, तिला काय भेटलं? कमानीवर तुझं नाव वाचून तिचं लुगडं वाळतं का? तिच्या दहा रुपयात तिला चार भिंती दे. आतून कडी दे. मग वीस माग, मी स्वतः बांबूपाशी बसून पावत्या फाडीन."

"बघू पुढच्या बजेटला..."

"पुढचं बजेट न्हाई. धम्मानंदभाऊ, रजिस्टर घेऊन खाली या."

धम्मानंद हिंगोलीहून येणं-जाणं करणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं विजयकुमारकडं बघितलं नाही. रजिस्टर घेऊन आला, सटवाजीच्या दुकानाच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "ग्रामसभा सांगेल ते लिहिणं माझं काम आहे. सांगा."

लिहिलं. अहवाल नामंजूर. कपडे बदलण्याची सोय नाही. करातल्या शिलकेतून पहिलं काम बायांच्या खोलीचं, दिवाळीच्या आत. तोवर कर दहाच. विजयकुमार म्हणाला, "सावकाश फेअर करून लिवू, सही उद्या करतो." निर्मलाबाई जागची हलली नाही. बादलीतली ओली चादर तिनं काढली आणि त्याच्यापुढं धरली. पाणी त्याच्या पांढऱ्या बुटांवर ठिबकायला लागलं.

"सही उद्या असली तर उद्या सकाळी सहाला कुंडावर ये. ही धर. तुझ्याच अहवालात हाय ना, पाचव्या नंबरला? पंचायतीची सोय हाय, तर सरपंचानं धरायची."

बाया अशा हसल्या की पार्वतीबाईला काठीवर भार द्यावा लागला. विजयकुमारनं पेन मागितलं आणि सही केली. धम्मानंदनं शिक्का मारला आणि ठरावाची एक नक्कल हातानं लिहून निर्मलाबाईला दिली.

घरी परतताना आरोही खुशीत होती. "जितलो ना आत्याबाई आपण?"

"खोलीला कडी लागल्यावर विचार."

तिचा राग उतरला नव्हता. सही केलेल्या हातानं पान फाडताही येतं, हे तिला कळत होतं. उद्या चादर धरायला आरोही एका बाजूला आणि सटवाजीची बायको दुसऱ्या बाजूला उभी राहणार, एवढं रस्त्यावरच ठरलं होतं. निर्मलाबाईनं देवापुढं दिवा लावला, खांद्याचं दुखणं त्याच्या कानावर घातलं, आज मोठ्यानं बोलल्याबद्दल एकदा नाक घासलं, आणि बोलले ते मागं घेत नाही, हेही सांगितलं. मग मोरीपाशी बसून चादरीचा राहिलेला अर्धा भाग घासला, डाव्या हातानं.

ग्यानबानं चादर दोरीवर टाकून दिली. "उद्या रानात येतीस का? हळद खुरपायचीय."

"उद्या न्हाई," ती म्हणाली. "कुंडावरनं तशीच बाळापूरला जाते. ठरावाच्या चार झेरॉक्स काढायच्यात."